वस्तीच्या दुधाचा आलेख

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, तुझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. पण एका उन्हाळ्यात तोच राग मी महिनाभर दाबून ठेवला आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मारत बसलो. एवढा धीर मी पुन्हा कधी धरला नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी भूमकडच्या एका सहकारी दूध संघात तपासनीस होतो. रानात कुसळं उगवायची, घरं चालायची ती दुधावर. गावोगावचे कॅन संघाच्या ट्रकनं केंद्रावर यायचे. मी प्रत्येक कॅनचा आंबटपणा मोजून आकडा लिहायचो. ठरल्या आकड्याच्या वर गेलं की दूध परत.

त्यात बौद्ध वस्तीचा कॅन वरचेवर परत जायला लागला. चेअरमन म्हणाले, "भांडी नीट घासत न्हाईत ते लोक. वस्तीचं दूध घेणं बंद. तू तसा रिपोर्ट लिव्ह."

मीही बौद्ध घरातलाच. माझ्या आईची भांडी आरशागत लखलखायची. डोकं असं भणाणलं! पण भांडलो असतो तर म्हणाले असते, आपल्या माणसांची बाजू घेतोय. मी म्हणालो, "एक महिना द्या. मग लिहितो."

प्रशिक्षणात एका मास्तरांनी शिकवलं होतं की एका दिवसाच्या आकड्यावरून कुणाला दोषी धरायचं नाही. रोजचा आकडा कागदावर ठिपक्यानं मांडायचा, नेहमीच्या चढउताराची वर एक रेघ, खाली एक रेघ. रेघांच्या आत ठिपके थोडे वरखाली होणारच. रेघ ओलांडून ठिपका बाहेर गेला, की त्या दिवशी वेगळं काय घडलं ते शोधत बसायचं.

केंद्रातले हसायचे. "आरं, नासलेलं दूध नाकाला कळतंय की! नकाशा कशाला काढतोस?" मी काढत राहिलो. महिनाअखेरी बघतो तर वस्तीचे ठिपके वरच्या रेघेच्या पार, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र दर वेळी आत. आता सांगा, बाजारादिवशी तेवढी भांडी घासत होते होय?

दुसऱ्या दिवशी मी ट्रकवरच जाऊन बसलो. वाटेत वस्ती सगळ्यात आधी लागते. कॅन भरून रस्त्याकडेला ठेवलेला होता. ट्रक थांबलाच नाही. पुढच्या गावांचे कॅन ट्रकच्या ताडपत्रीखाली सावलीत बसले, ऊन चढलं, आणि परतताना तो कॅन उचलून पार मागं एकटा ठेवला. तीन तास तापत पडला होता तो. मी ड्रायव्हरला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "गाववाले म्हणतेत, त्यांचा कॅन आमच्या कॅनला लागायला नको. बाजारादिवशी परतीची वाट दुसरी, म्हणून जातानाच घेतो, मधी पोतं टाकतो. एक दिवस चालवून घेतेत."

आणि केंद्रावर आणून आम्ही सगळ्यांचं दूध एकाच टाकीत ओतत होतो! तिथं कुणाचं कुणाला काही लागत नव्हतं.

आलेख चेअरमनपुढं ठेवला. "उन्हानं एवढं नासतंय व्हय? थापा मारू नको." मी म्हणालो, "मग तुमच्याच घरचं दूध द्या. दोन किटल्या." त्यांनी हट्टानं स्वतः भरल्या, झाकणांना स्वतः दोरा बांधला. एक किटली मी तडक केंद्रावर पाठवली. दुसरी घेऊन वस्तीच्या रस्त्याकडेला उन्हात बसलो.

वस्तीचं दूध गोळा करणारी मावशी घाबरली. "लेकरा, चेअरमनचं दूध आमच्या दारात नासलं तर आमच्याच डोस्क्यावर यील. दूध बंद झालं तर म्हशी इकून पुन्हा खडी फोडायला जावं लागंल आमाला."

"नासू दे मावशी. नासायलाच ठिवलंय."

तीन तासांनी केंद्रावर गेलो. संचालकांसमोर चेअरमननी आपल्याच हातानं दोन्ही दोरे सोडले. मी दोन्ही किटल्यांतलं थोडं थोडं दूध दोन काचनळ्यांत उकळलं. पहिलं तसंच राहिलं. दुसऱ्याच्या गुठळ्या झाल्या. म्हशी त्याच, घरही तेच.

शेवटी चेअरमन म्हणाले, "बरं बरं, चालू ठिवू वस्तीचं दूध. रिपोर्टात कारण 'कडक उन्हाळा' लिव्ह."

इथं मात्र माझा धीर संपला. मी त्यांच्यासमोरच लिहिलं, 'वस्तीचा कॅन गावाच्या कॅनला लागू नये म्हणून तो तीन तास उन्हात ठेवला जातो. त्यामुळे दूध नासते.' खाली सही ठोकली.

"हे खोड," ते म्हणाले.

"तुम्हीच खोडा. माझा हात न्हाय उचलत."

त्यांनी पेन उचललं, संचालकांकडं बघितलं आणि खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक वस्तीवर आधी थांबला. मावशीनं कॅन स्वतः वर चढवला, केबिनला टेकवून ठेवला. ड्रायव्हर सवयीनं पोतं घेऊन पुढं आला. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि रस्त्यावर भिरकावलं.

"म्होरल्या गावाचा कॅन ह्याला चिकटूनच ठिवा," ती म्हणाली, "न्हायतर वाटंत कलंडंल."