कौलाआधीची बैठक

माझी नात पुण्यात असते. माणसांना एकत्र बसवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आणि ते मोबाईलवर लोकांना ऐकवायचे, हा तिचा उद्योग. त्याला पॉडकास्ट म्हणतात. गेल्या चैत्रात तिने वेल्ह्याकडच्या आमच्या राईवर चर्चा करायची ठरवली आणि तिची आखणी माझ्यावर सोपवली. हा मान आहे असे मला प्रथम वाटले. पुढचे काही दिवस मात्र जपाला बसलो तरी चित्त स्थिर राहत नसे.

पासली गावाच्या वरच्या अंगाला ही देवराई आहे. आत शेंदूरलेपित पाषाण, हाच तिथला देव. राईतली वाळकी काडीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा दंडक. राईच्या पलीकडे एक वाडी आहे. तिला रस्ता हवा आहे आणि तो राईतूनच काढता येतो, कारण दुसऱ्या बाजूला कडा आहे. यावरून देवाचे गुरव आणि वाडीतली माणसे यांच्यात बोलणे उरले नव्हते. पूर्वी मी तिथल्या शाळेत गुरुजी होतो; दोन्हीकडे माझ्या शब्दाला थोडी किंमत होती, म्हणून भोरला माझ्याच घरी चौघांनी बसायचे ठरले : गुरव, वाडीतल्या एक बाई, नात आणि मी.

त्या बाई का येणार होत्या, हे सांगितले पाहिजे. त्याच्या दोन वर्षे आधीच्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला झोळीत घालून राईच्या निसरड्या पायवाटेने खाली आणले. सून वाचली, मूल वाटेतच गेले. आता ती पुन्हा गरोदर होती.

दोघांचाही होकार आला, आणि मग गुरवांचा फोन आला.

"गुरुजी, राईबद्दल बोलायचं म्हंजी देवाला इचारल्याबिगर न्हाई जमायचं. कौल लावतो. उजवा आला तर येतो."

पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना लावायच्या. उजवी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. आमच्या भागात लग्नापासून विहिरीपर्यंत पुष्कळ गोष्टी अशाच ठरत आल्या आहेत.

"आजोबा, डावी पडली तर?" नातीने विचारले.

"तर चर्चा होणार नाही."

"तुम्ही समजावाल ना त्यांना?"

"देवाचा शब्द मोडायला मी सांगू?"

माझी श्रद्धा तिला ठाऊक होती, आणि आज ती तिच्या आड येत होती, हेही आम्हा दोघांना कळत होते.

बाईंना हे कळवले तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, "पाकळी लावनार त्येच, आन बोलायचं का न्हाई ह्ये ठरवनारबी त्येच! बोटाला पानी कमीजास्त घेतलं की झालं. म्या सवता येते. देवाफुडं सवाल म्या घालीन."

सवाल घालण्याचा हक्क कुणाही गाऱ्हाणेकऱ्याला असतो. गुरवांना नाही म्हणता येईना.

ठरल्या सकाळी आम्ही राईत गेलो. नातीने ध्वनिमुद्रणाचे यंत्र पिशवीतून काढलेच नाही. मी तसे बजावले होते. गुरवांनी तांब्यातून पाकळ्या उचलल्या आणि हाताने खूण केली. बाईंनी डोईवर पदर घेतला. गुरवांनी आमच्या बैठकीला यावे की नाही, एवढेच बाईंनी विचारायचे होते.

त्या म्हणाल्या, "देवा, वाडीला रस्ता द्यायचा का न्हाई, आत्ता सांग."

उजवी सुटली तर राई तुटणार, डावी सुटली तर वाडी कायमची अडणार. दोन्ही कौल मला मान्यच करावे लागले असते, आणि दोन्ही मला नको होते. देवाने बोलू नये अशी प्रार्थना मी आयुष्यात प्रथमच केली.

गुरवांचा हात पाषाणाच्या अलीकडेच थांबला. पाकळ्यांमधून पाणी ठिबकत होते.

"वैनी, ह्यो सवाल ठरला नव्हता."

"माझ्या सुनंचं ठरलंय न्हवं! लावा पाकळी. का भ्या वाटतंय?"

"वाटतंय," गुरव म्हणाले. "उजवी पडली तरी वाटंल. पर असा सवाल एकट्यानं घालायचा नसतो. गावकीचा सवाल गावकीनं बसून आदी ठरवायचा, मग देवाकडं आनायचा. माझ्या बापानं कंदी बिनठरलेला सवाल घेतला न्हाई."

"मग बसा की! कवापासनं बसा म्हनतोय आमी."

ज्या रीतीच्या आधाराने गुरव आमची बैठक टाळत होते, त्याच रीतीने त्यांना बैठकीत आणून बसवले होते. त्यांनी पाकळ्या पुन्हा तांब्यात सोडल्या.

"बसतो म्या. ठरलं न्हाई, तर ह्यो सवाल हितं आनायचा न्हाई."

"आन ठरलं तर?"

"तर आनावाच लागंल. मंग जी पडंल ती दोघांनीबी मानायची. डावी पडली तरीबी."

बाईंनी पाषाणाकडे पाहिले. मग त्यांनी मान डोलावली. तो होकार किती जड होता, हे त्यांच्या शेजारी उभे राहून मला समजले.

चौघेही खाली उतरताना नात हलकेच म्हणाली, "आजोबा, बैठक महिन्याभराने ठेवू या का? मला तयारी करायला हवी."

पुढे चालणाऱ्या बाई वाटेतच थांबल्या आणि मागे वळल्या.

"पोरी, तयारी मागनं कर. आदी दिस धर. माझ्या सुनंला आठवा लागलाय."

नातीने माझ्याकडे पाहिले. मी गुरवांकडे पाहिले.

"उंद्या," गुरव म्हणाले.