तोंड झाकलेली गिरणीवाली

"अवं मावशी, ओढणी अजून वर घे. नाकाचा शेंडा दिसून राह्यला."

"नाकावरून कोन वयखते वं मले? डोये तं उघडे ठेवू दे. का आंधयी म्हनून बसवतं?"

"डोळे चालतात. बोल आता. नाव मात्र कोणाचंच घेऊ नको. तुझंही नाही आन् तिचंही नाही."

"नाई घेत. येवढी बी अडानी नाई मी," छाया म्हणाली, आणि शाळेतली पोरगी कविता म्हणायला उभी राहते तशी खाकरून, पाटावर ताठ झाली.

उंद्रीच्या बाजारगल्लीत छाया साळवेची पिठाची गिरणी आहे. नवरा जालन्याला कंपनीत, महिन्याकाठी एकदा येणार आणि कपडे धुवायला टाकून जाणार. गिरणी सगळी हिच्या अंगावर. अकरा वर्षांपूर्वी जुन्या मालकाकडून तिनं ती घेतली, तेव्हा पहिला आठवडा फक्त बौद्धपुऱ्यातले डबे आले. गावानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. मग एक दिवस उत्तमरावांची रुखमाबाई ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन आली आणि तिनं तो गिरणीसमोर आपटला. दयामाया काही नव्हती. दुसरी गिरणी वेशीपलीकडे होती आणि रुखमाबाईचे गुडघे दुखत होते. पण एवढ्या मोठ्या घराचा डबा आला म्हटल्यावर बाकीच्यांचेही गुडघे दुखायला लागले.

समोर मोबाईल धरून बसलेली समता ही छायाची भाची. चिखलीच्या एका कॉलेजात शिकवते. ती आणि तिचे चार मित्र मिळून 'डोळस' नावाचं पान चालवतात, आणि ते पान गेलं वर्षभर एकाच गोष्टीच्या मागे लागलं आहे. ती गोष्ट म्हणजे उजेड परिवार.

तीन वर्षांपूर्वी देऊळगाव राजाच्या रस्त्याला एक आश्रम उभा राहिला. त्यात एक तेजमाता. तिचं म्हणणं, माणूस हा मुळात उजेड आहे. औषधानं आणि यंत्रानं दळलेल्या पिठानं त्याच्यावर काजळी धरते. परिवारात आलेल्यानं पिवळे कपडे घालायचे, गोळ्या सोडायच्या आणि आश्रमातल्या जात्यावरचं पीठ खायचं. उंद्रीत सत्संग उत्तमरावांच्या ओसरीवर भरायला लागला, आणि छायाच्या गिरणीचे वीसेक डबे पाहता पाहता गेले.

त्याचा छायाला राग होताच. पण डबे जातात-येतात. एक वेगळाच डबा तिच्या डोक्यातून जात नव्हता. तेच ती मोबाईलला सांगत होती:

"मी गिरणीवाली बाई हाये. आमाले डब्यावरून घर समजते. एका घरचा डबा आठ दिवसाले येये. पाच किलो जवारी, आन् तिच्यात मूठभर मेथ्या. डॉक्टरनं सांगतल्या व्हत्या साखरेसाठी. तीन महिने झाले, तो डबा नाई. परवा त्या बाईले मी हापशीवर पाह्यलं. पायाले चिंधी बांधेल, चिंधी कायी पडेल. गोया सोडल्या म्हने तिनं. उजेड व्हाचं हाये म्हने."

समतानं मोबाईल खाली केला. "मावशी, भारी बोलली."

आता यात चूक काय झाली, ते शहरातल्या समताला कळणं शक्य नव्हतं. छायाला कळायला पाहिजे होतं. मेथ्या घातलेली ज्वारी दळली, की त्याच्यामागून येणाऱ्याचं पीठ कडू होतं. म्हणून असला डबा गिरणीत सगळ्यात शेवटी घेतात. रांगेत कितीही डबे असोत, छाया दर वेळी ओरडायची, "तो मेथीवाला मांगं सरकवा!" अख्खं गाव त्या रांगेत उभं राहिलेलं. मेथीवाला डबा कोणाचा, हे उंद्रीतल्या शेंबड्या पोराला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीवाली रेणुका गव्हाचा डबा घेऊन आली.

"छायामावशी, तुमचा व्हिडिओ पाह्यला."

"कोनता?"

"तोंड झाकेल बाईचा."

"तोंड झाकेल हाये तं मायाच काऊन?"

रेणुकानं डबा खाली ठेवला. "आता मायं तोंड नका उघडू मावशी. मेथीचा डबा मांगं सरकवनारी आपल्याकडं दुसरी कोन हाये? आन् थो डबा कोनाचा, हे सांगाची बी गरज राह्यली का?"

छायाचा हात पट्ट्यावरच थांबला. ओढणी तिनं आपल्या तोंडावर घेतली होती, आणि उघडी पडली होती रुखमाबाई.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते समताच फोनवर वाचून दाखवायची. कोणी म्हणे शाब्बास ताई. कोणी म्हणे तिच्या घरच्यांना आत टाका. कोणी म्हणे गिरणीला गिऱ्हाईक नाही म्हणून बोंबलते. हे शेवटचं छायाला झोंबलं, कारण त्यात चिमूटभर खरं होतं. काहींनी गिरणी सोडून तिची जातच दळायला घेतली. त्यांचं तिला नवल नव्हतं.

तिसऱ्या दिवशी स्वतः उत्तमराव आले. पिवळा सदरा, कपाळाला काही नाही, चेहरा धुतल्या परातीसारखा. पूर्वीचे उत्तमराव असते तर गिरणीचा पट्टा गळ्याशी आला असता. हे हात जोडून उभे राहिले.

"छायाबाई, आमी तुमाले माफ केलं."

"मी कुठी माफी मांगतली भाऊ?"

"तुमी न मांगता केलं," ते म्हणाले आणि शांतपणे निघून गेले. शिव्या खाऊन छाया इतकी हलली नसती.

त्याच दुपारी समताचा फोन. आवाजात लग्नघर. "मावशी, दोन लाख लोकांनी पाहिला! आता फक्त त्या पायाचा एक फोटो पाहिजे. एकच. मग बघ, आश्रमाचं दुकान उठतं का नाही."

"पाहतो," छाया म्हणाली आणि फोन ठेवून दिला. कोणाच्या पायाचा फोटो काढायचा म्हणजे आधी त्या माणसाकडं जावं लागतं. आणि तीन महिन्यांत ती एकदाही गेली नव्हती. हे तिला आत्ता, पिठाच्या धुळीत उभं राहून, पहिल्यांदा नीट दिसलं.

उत्तमराव आश्रमात जातात तो दिवस पाहून ती गेली. रुखमाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, पाय पाटावर.

"ये. मोबाईल आनला का संगं?"

"नाई आनला."

"मंग बस."

छाया बसली. जखमेचा वास येत होता, उदबत्तीच्या आडून.

"हापशीवर तू मायाकडं पाह्यलं," रुखमाबाई म्हणाली. "मले वाटलं आता इचारशीन. तू हंडा उचलला आन् चालली गेली. दुनियेले सांगतलं, मले येऊन नाई सांगतलं."

"मले वाटलं तुमी आयकनार नाई."

"नसतीच आयकली. पन तू बोलली तं असती."

छाया पाटाजवळ सरकली. मग तिनं विचारलं, "गोया काऊन सोडल्या तुमी? तुमाले तं साऱ्या बुवाबाईचा तिटकारा."

रुखमाबाई हसली. "आश्रमात दोघायले समोरासमोर बसवलं. ह्यायले म्हने, बाटली ठेव. मले म्हने, गोया ठेव. दोघायनं संगंच ठेवल्या. सौदा हाये तो, छाया. तीस वर्सं मी त्या बाटलीसंगं संसार केला. आता घरात आवाज चढत नाई. सून जेवाले वाढते तं तिचे हात कापत नाई. मी गोई उचलली, तं ते बाटली उचलतीन."

"पाय जाईन तुमचा."

"जाईन तं जाईन. घर तं राहीन."

बाहेर गाईनं दावं ओढलं. रुखमाबाईनं तिकडं पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "ते लोकं फोटो मांगून राह्यले म्हने माया पायाचा?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सून वाचते ना खालचं लिहेल. देऊ नको वं. माया पाय हाये थो. देवयातली घंटी नाई, की आला-गेला वाजवून जाईन."

रविवारी समता आली ती भांडणाच्या तयारीनंच. छायानं फोनवर सांगितलं होतं, तो व्हिडिओ काढून टाक. गिरणी बंद होती आणि दोघी पोत्यांवर बसल्या होत्या.

"मावशी, त्या व्हिडिओमुळं अकरा बायांनी आम्हाला लिहिलं. एकानं आपल्या आईला आश्रमातून परत आणलं. आणि तू म्हणते काढ? एका रुखमाबाईसाठी?"

"मायाजवळ एकच व्हती ना. बाकीच्या तुया मोबाईलमधी हायेत."

"हे कसलं बोलणं? तू घाबरली."

"हाव, घाबरली. तोंड झाकून बोलली तवाच घाबरेल व्हती. तुले नाई दिसलं का?" छाया म्हणाली. "त्या आश्रमानं तिले तिच्यासाठी नाई आनलं, सत्संग भरवाले आनलं. आपुन बी तिले तिच्यासाठी नाई आनलं पोरी. दोन लाख भरवाले आनलं."

समतानं मोबाईल पोत्यावर ठेवला. तिला राग आला होता, पण ती खोटी पोरगी नव्हती. म्हणाली, "मग त्या अकरा जणींचं काय करू? त्यांना काय सांगू?"

हा प्रश्न छायालाही पडलेलाच होता. तोंड मिटून घरी बसलं तर आश्रमाचंच फावतं. ती उठली, माठातल्या पाण्यानं भुवयांवरचं पीठ धुतलं आणि पहिल्या व्हिडिओसारखी पाटावर येऊन बसली. ओढणी खुंटीला.

"घे. आता मायं मी बोलतो."

आणि ती बोलली: "मी छाया साळवे, उंद्रीची गिरणीवाली. उजेडवाल्याईनं यंत्राचं पीठ मना केलं, माये वीस डबे गेले, त्याचा मले राग हाये. हे आंधीच सांगून टाकतो, मंग कोनी मले सांगाले नको. त्याईनं लोकायची दारू सोडवली, ते चांगलं केलं. पन साखरेच्या गोया सोडून मानूस उजेड होत नाई, मानूस मरते. तुमच्या घरी, शेजारी असं कोनी असीन, तं मोबाईलले नका सांगू. त्याच्या दारात जाऊन त्याले सांगा. मी नाई सांगतलं. चुकलं मायं."

पहिला व्हिडिओ समतानं काढला. पण एकदा उडालेलं पीठ डब्यात परत भरता येत नाही. त्याच्या नकला अजून कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये फिरतात. दुसरा फारसा कोणी पाहिला नाही. झाकलेल्या तोंडाला गर्दी होते, उघड्या तोंडाकडं लोक एकदा पाहतात आणि पुढं सरकतात. पत्ता कळल्यामुळं गिरणीच्या दारावर मात्र कोणीतरी शेण फेकून गेलं. छायानं ते खराट्यानं ओढून खतात टाकलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळची रांग संपत आली असताना, रुखमाबाई लंगडत आली. मागून सून, डोक्यावर मक्याचं अर्धं पोतं.

"भरड काढून दे गाईसाठी," ती रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली. "ढोरायले यंत्राचं चालते. आश्रमात इचारून घेतलं मी."

पोतं ठेवून सून दाराशी जाऊन उभी राहिली. रुखमाबाईनं कमरेची पिशवी काढली, तिच्यातून गोळ्यांचं पाकीट. रेणुकानं सरकारी दवाखान्यातून आणून दिलं होतं, आणि घरी ते उघडायची सोय नव्हती. छायानं गुपचूप पाण्याचा गिलास पुढं केला.

"रोज भरड आनसान का? गाय किती खाईन?"

"लय खाते ती. तिले कुठी उजेड व्हाचं हाये."

छायानं हसू दाबलं. मग तिनं पायाकडं बोट केलं, सरळ. "याले गोईनं काई होत नाई आता. शनिवारी सकायच्या बसनं चिखलीले जाऊ. मी येतो संगं."

"ह्यायले सांगतल्याबिगर नाई येत मी. गोई चोरून घेतली, पाय चोरून दाखवाले नाई जात. आन् सांगतलं तं बाटली परत घरात."

"मी सांगतो त्यायले. मले माफ केलं हाये ना त्यायनं, मंग आयकतीन. नाई आयकलं तं ओरडतीन. पन पायाजवळ आता टाइम नाई रुखमाबाई. हे मी तुमच्या तोंडावर सांगून राह्यली."

रुखमाबाईनं पायाकडं पाहिलं. तिनं गोळी गिळली, गिलास उपडा ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"बारीक नको करू," ती म्हणाली. "भरड हाये ती."

"मालूम हाये मले," छाया म्हणाली. तिनं दोन दगडांमधली फट थोडी सैल केली, पोतं उचलून गिरणीच्या तोंडात मका ओतला आणि बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, तसं कोणाचं काही ऐकू येईना. मागच्या बाईनं डबा पुढं सरकवला.