बायनाच्या दारचं पाणी

कडूबाई माझ्या शेजारी राहते. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून दृष्ट लागू नये असं वाईट नाव हिला ठेवलं. नाव ठेवणाऱ्यानं काम चोख केलं. बाई सत्तरीला टेकली, अजून कोणाची दृष्ट तिच्याकडं वळायला धजत नाही. गल्लीतली कुत्री तिला वाट देतात. तिची शेरडं हाक मारायच्या आत घरी येतात, उगाच बोलणी कशाला खायची म्हणून. तिच्याविषयी चार शब्द चांगले लिहावे असं माझ्या मनात फार आहे, पण तिचं वागणं तसं लिहू देत नाही.

आम्ही तिघी धारूरच्या डोंगरातल्या एकाच गावच्या लेकी. मी थोरली, म्हणून दोघी मला आक्का म्हणतात. कडूबाई मेंढक्याची लेक, बायनाबाई पाटलाची. लहानपणी दोघी एका भाकरीवर जेवायच्या आणि एका चिंचेवरून भांडायच्या. पुढं बायना धर्मापुरीकडं मोठ्या शेतकऱ्याच्या घरात पडली, आणि कडूबाई नवऱ्यासंगं मेंढ्यांमागं फिरत दर उन्हाळ्यात तिच्या रानात उतरायला लागली. रीत अशी, की मेंढ्या रानात बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांनी रान खतावतं, आणि बदल्यात शेतमालकानं धान्य द्यायचं, मेंढ्यांना पाणी पाजायचं. धान्याचं मागंपुढं झालं तर चालतं. पाण्याला नाही म्हणायचं नसतं.

सोमेश्वर बायनाच्या पोटात होता त्या वर्षी दुष्काळ पडला. कडूबाई कळप घेऊन मळ्यापाशी आली तर फाटक बंद. तिनं हाका मारल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि फटीतून हिरव्या बांगड्यांचा हात दिसला. ढवळी नावाची तिची मेंढी फाटकाला टेकून बसली, ती उठलीच नाही. कडूबाईनं तिथंच मेंढीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

"बायने, कडी मी लावली असं तू तुझ्या तोंडानं म्हणंस्तोवर तुझ्या दारचं पाणी मला ह्या ढवळीचं रगत."

बायना तेव्हापासून एकच सांगते, कडी सासऱ्यानं लावली. सासरा वारला, आता विचारायचं कोणाला. पण हिरव्या बांगड्या भरणारा सासरा कडूबाईला कोणी दाखवून दिला नाही. तरी नातं तुटलं नाही हे विशेष. बायनाच्या घरच्या लग्नाला कडूबाई गेली, सोमेश्वरच्या बारशाला गेली. पोटभर जेवायची, नावं ठेवायची आणि तहानलेली घरी यायची.

सोमेश्वर शिकून इंग्लंडात दवाखान्यात लागला, नवरा गेल्यावर बायनाही तिकडं गेली. मागच्या फाल्गुनात तिचा फोन आला. मोबाईलमध्ये तिचं अर्धंच कपाळ दिसत होतं.

"आक्का, तुमी दोघी या. चैत्रात इथं फुलं येतात. महिनाभर राहा, बसून खा. सोमेश्वर समदं करतो म्हणतोय."

मला वाटलं कडूबाई तोंड वाकडं करील. तिनं मोबाईल माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, "येते. झाडून ठेव."

विमानात बसल्यावर मी तिला विचारलं, "कडे, तू कावून आलीस गं? तुला तर बीडला जायचं म्हणलं तरी गाडी लागते."

"तिचं वय झालंय," कडूबाई म्हणाली. "मरायच्या आत तिच्या तोंडून ते ऐकायचंय मला. फुलं काय, आपल्या करडईला बी येतात."

म्हणजे बाई सात समुद्र ओलांडून निघाली होती ती फिरायला नव्हे, एक वाक्य वसूल करायला.

बायना दारात उभी होती. अंगात पॅंट, वर जाड स्वेटर, डोक्यावर लोकरीची टोपी. कडूबाईनं तिला खालून वर बघितलं.

"कोणाची घातलीस? लेकाची का?"

"थंडी हाय इथं. लुगड्यात गारठलीस की तू बी मागशील."

"माझी घोंगडी हाय. मागायची सवय मला न्हाई. एकदा मागितलं, पुरं झालं."

उंबऱ्यावरच हे. सून प्रियदर्शनी पाण्याचे तांबे घेऊन आली होती. मी घटाघटा प्यायले. कडूबाईनं तांब्याला नमस्कार केला आणि पोरीला परत दिला. पोर बिचारी सासूकडं बघायला लागली.

"न्हाई पीत ती," बायना म्हणाली. "तिला माझ्या विहिरीची बाधा झालेली हाय."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली आमची सुट्टी. कडूबाईनं गावाकडनं एक मोठी प्लास्टिकची बाटली आणली होती. तिला स्वतः वळलेल्या लोकरीची दोरी. घराच्या पुढं एक बाग होती, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नळ होता. रोज सकाळी ती घोंगडी पांघरून जायची, बाटली भरून आणायची आणि स्वयंपाकघरात बायनाच्या डोळ्यांपुढं टेकवायची.

"बागेतलं अन् माझ्या घरातलं एकाच टाकीतलं हाय," बायना म्हणाली.

"असंल. पण त्या नळाला तुझं दार न्हाई."

"अन् चहात काय हाय?"

"दुधाचा करून दे."

"वरणात?"

"शिजलेलं पाणी ते अन्न. अन्नाशी माझं भांडण न्हाई. मीठ तेवढं तुझ्या हाताला अजून कळत न्हाई."

बायनानं पळी भांड्यात अशी आपटली की माझ्या ताटात वरण उडालं. मी निवांत जेवत होते. दुसऱ्यांचं भांडण असलं की मला दोन घास जास्त जातात.

तिकडचा वसंत म्हणजे मला कळलाच नाही. आपल्याकडं चैत्रात लिंबाखाली बसलं की बरं वाटतं. तिथं ऊन नुसतं चित्रातल्यासारखं, हात लावला तर गार. रस्त्याच्या कडेनं पिवळीधमक फुलं माना खाली घालून उभी. सोमेश्वर मोठ्या हौशीनं आम्हाला दाखवायचा. "मावशी, ही फुलं कशी वाटली?" कडूबाई म्हणायची, "लेकरा, छान हायती. मेंढरं खात न्हाईत का?" सोमेश्वरशी मात्र ती गोड बोलायची. त्याचं काय, तो पोटात होता तेव्हा.

पाडव्याला बायनानं खिडकीबाहेर गुढी उभारली. काठी मिळेना म्हणून झाडूचा दांडा लावला. कडूबाई म्हणाली, "शोभतंय." बायनानं दिवसभर तिच्याशी बोलणं टाकलं. आम्हाला दोघींनाही पुरणपोळी वाढली, पण तिच्या पोळीवर तूप घातलं नाही. कडूबाईनं उठून तुपाचं भांडंच घेतलं.

गावाच्या वरच्या अंगाला हिरव्या टेकड्या होत्या आणि त्यांवर मेंढ्या. गोऱ्यापान, गुबगुबीत, पाठीवर निळ्या रंगाचे फराटे मारलेल्या. पायांत नुकती जन्मलेली पिल्लं. कडूबाई दगडी कुंपणाला धरून किती तरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता हिला बरं वाटेल.

"राखणारा कुठाय?" तिनं विचारलं.

"इथं राखत न्हाईत," बायना म्हणाली. "कुंपण असतंय. मालक गाडीतून येऊन बघून जातो."

"अन् पाणी?"

कुंपणाच्या आत लोखंडी टाकी होती, काठोकाठ भरलेली. बायनानं बोट दाखवलं, आणि दाखवल्यावर तिला समजलं असावं, कारण तिनं बोट लगेच खाली घेतलं.

"हितल्या मेंढ्यांचं नशीब," कडूबाई म्हणाली. "त्यांना मैत्रिणी न्हाईत."

तिथून परत येताना मधेच एक चढ लागला. बायनाला बीपीची गोळी वेळेवर घ्यावी लागते. ती एका बाकावर बसली, पिशवीत चाचपलं. गोळी होती, पाणी घरीच राहिलं होतं. माझ्याजवळही नव्हतं. बाटली होती ती एकट्या कडूबाईच्या खांद्याला.

बायनानं गोळी जिभेवर ठेवली आणि हात पुढं केला.

कडूबाई जागची हलली नाही. "म्हण," ती म्हणाली.

"कडे, गोळी हाय तिच्या तोंडात," मी म्हणाले.

"माझ्या मेंढीच्या तोंडाला फेस होता. म्हण, बायने. कडी कोणी लावली?"

बायनाही पाटलाची लेक. तिनं हात मागं घेतला, कडूबाईच्या डोळ्याला डोळा लावला आणि गोळी कोरडीच गिळली. गिळली कसली, ती अडकली. डोळे पांढरे झाले, खोकला सुटेना, टोपी घसरून खाली पडली. मी हाका मारायला लागले, पण त्या रस्त्यावर मेंढ्यांवाचून ऐकणारं कोणी नव्हतं.

कडूबाईनं तिच्या पाठीत असे दणके घातले की त्यांत जुना हिशेब पण असावा. मग तिची हनुवटी धरून वर केली आणि कोकराला पाजतात तसं बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात सोडलं.

"मरू नगंस," ती म्हणाली. "तुझा लेक मला हितंच कोंडून ठेवील."

गोळी उतरली. बायना बराच वेळ नुसती श्वास घेत बसली. मी टोपी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. मग ती खाली बघूनच बोलली.

"कडी मी लावली."

कडूबाईनं बाटलीचं झाकण लावलं.

"सासरा खळ्यावर झोपला होता, त्याला काय पत्ता. विहिरीत गुडघाभर पाणी होतं. माझी गुरं होती, पोटात हे पोर होतं. तुझ्या कळपानं एका दमात विहीर कोरडी केली असती." तिनं टोपी डोक्यावर ओढली. "अन् ऐक. आज बी तसंच झालं, तर पुन्हा लावीन."

मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं मिटलं. मी कडूबाईकडं बघितलं तर तिचा चेहरा आंबट ताक प्याल्यासारखा.

"मग काय म्हणलीस तू?" कडूबाई म्हणाली. "एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. पहिलं बोलून गप बसता आलं नसतं का?"

"तू खरं मागितलंस. समदं खरं हाय ते घे."

"मला एवढं नको होतं."

उतारावरून आम्ही घरी आलो. बाटली रिकामी झाली होती आणि कडूबाई ती भरायला पुन्हा बागेच्या नळावर गेली. म्हणजे शपथ जागेवरच होती. बायना खिडकीतून बघत होती. "बघ आक्का," ती मला म्हणाली, "मी तिचं पाणी पिले. ती अजून नळावरच हाय." मी म्हणाले, "बाई, शपथ तिनं घेतलीय, तू न्हाई." ती म्हणाली, "तेच तर. कडी लावणारीला शपथ कोण घेऊ देतंय?"

उरलेले दिवस फार चांगले गेले असं मी म्हणणार नाही. दोघी परसात खुर्च्या टाकून बसायच्या, पाठीला पाठ लावून. एक म्हणायची ऊन आलं, दुसरी म्हणायची गेलं. प्रियदर्शनीनं मला हळूच विचारलं, "मावशी, ह्या दोघी मैत्रिणी आहेत ना?" मी म्हणाले, "मैत्रिणी नसत्या तर एवढं भांडण टिकलं असतं का?"

निघायच्या दिवशी बायनानं आमच्या हातावर दही घातलं. कडूबाईनं चाटून खाल्लं, दही काही पाणी नव्हे. सोमेश्वर सामान गाडीत ठेवत होता. तेव्हा बायनानं खुंटीवरची बाटली काढली, कडूबाईच्या डोळ्यांपुढं आपल्या घरातल्या नळाखाली धरली, तोंडापर्यंत भरली, झाकण पिळून घट्ट केलं आणि दोरी तिच्या खांद्यात अडकवली. कडूबाईनं ती काढून ठेवली नाही.

गाडीत मी कडूबाईच्या कानाशी लागले. "ओतून दे की फुलांना. कोण बघतंय?"

"पाणी कधी फेकलंय का मी?" ती म्हणाली.

ते खरं होतं. मेंढक्याची बाई तोंड धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालते. तिनं बाटली मांडीवर धरली, प्यायली नाही, टाकली नाही. विमानतळापर्यंत दुसऱ्याचं लेकरू सांभाळावं तशी सांभाळली.

तिथं सामान तपासायला एक पोरगी उभी होती. पट्ट्यावरून बाटली गेली आणि परत आली. पोरीनं ती उचलून मान हलवली. कडूबाईनं हात पुढं केला, पोरगी देईना. शेवटी पोरीनं हातांनी सांगितलं. अंगठा तोंडाकडं नेला, म्हणजे हितंच पिऊन टाका. मग कोपऱ्यातलं पिंप दाखवलं, म्हणजे न्हाई तर त्यात ओता.

"हिला सांग, आक्का," कडूबाई म्हणाली, "हे प्यायचं पाणी न्हाई."

"मग कसलं हाय म्हणून सांगू?"

"बायनाचं हाय."

मी हे इंग्रजीत कसं सांगणार? मागं रांग लांबत चालली होती. एक उंच माणूस घड्याळ बघत होता. पोरगी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. कडूबाईनं पिंपाकडं बघितलं. आत कोणाकोणाच्या बाटल्या पडल्या होत्या, भरलेल्या, झाकणं न उघडलेल्या. तिच्या तोंडातून एक शिवी निघाली, ती इथं लिहीत नाही.

तिनं बाटली हिसकावून घेतली, झाकण काढलं, मान वर केली आणि प्यायला लागली. उभ्या उभ्या, डोळे मिटून, गळ्याची शीर हलत होती. बाटली अर्धी झाल्यावर थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि उरलेली माझ्यापुढं केली.

"कडी मी लावली म्हणाली, तेवढं माझं," ती म्हणाली. "पुन्हा लावीन म्हणाली, तेवढं तू पी."

मी काही शपथ घेतलेली नव्हती. मी प्यायले. महिनाभर पीत होते तेच पाणी होतं, चांगलं होतं.

रिकामी बाटली खांद्यात अडकवून कडूबाई पुढं निघाली. "आळणी हाय," ती म्हणाली. "अन् बायनाला सांगितलंस तर याद राख."

गावी पोचले, त्याच दिवशी मी बायनाला फोन लावला.