माझ्या जोडीदाराच्या चिठ्ठ्या

माझ्या जोडीदाराइतका प्रामाणिक माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला असावा, आणि तो एकुलता एक नमुना नेमका माझ्या वाट्याला यावा, याचा मला इतक्या वर्षांनंतरही संताप येतो. लबाड माणसापासून सावध कसं राहायचं हे घरीदारी सगळे शिकवतात. प्रामाणिक माणसापासून स्वतःचा बचाव कसा करायचा, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. वडील नकाशांच्या सरकारी कचेरीत, त्यांची बदली कलकत्त्याला, आम्ही राहायला बेहालात आणि मी तिथल्या एका कलाशाळेत कमर्शियल आर्टच्या वर्गात. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी जाहीर केलं की यापुढे सगळी कामं जोडीने करायची, एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने अक्षरं, आणि गुण दोघांना मिळून. हजेरीपटावर माझ्या नावाखाली ज्याचं नाव होतं तो उठून माझ्या बाकावर येऊन बसला, एवढीच आमच्या मैत्रीची सुरुवात. काडीसारखं अंग, धोतर घोट्याच्या वीतभर वर, बाराही महिने काखेत काळी छत्री. फाळणीनंतर सीमेपलीकडून आलेला, काकांच्या घरी कालीघाटला राहणारा. अक्षर मात्र असं काढायचा की छापील अक्षराने शरमून जावं. श्वास रोखून तो एक ओळ लिही आणि ओळ संपली की खोल पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेई. त्याने टाकून दिलेले कागदही मास्तर उचलून आपल्या कपाटात ठेवत.

इथवर तक्रारीला जागा नव्हती. पण या गृहस्थाला श्रेय देण्याचा रोग होता. एखाद्याला पान खायची सवय असते, तशी याला दुसऱ्याचे उपकार मानायची. जगात कुणाला काही आपोआप सुचतं, यावर त्याचा विश्वासच नव्हता. मी उत्साहाने सांगायला जावं की मला एक झकास कल्पना सुचली आहे, तर हा छत्री मांडीवर आडवी घेऊन शांतपणे विचारणार, "कुठे पाहिलीस?" आमचं बोलणं बंगालीत चाले, पण कुठल्याही भाषेत तो प्रश्न ऐकून माझं डोकं फिरलं असतं. कुठेही पाहिली नाही, सुचली, असं मी म्हणावं आणि त्याने मान हलवावी, डॉक्टर रोग्याचं ऐकून हलवतो तशी. मग तो दोन-दोन दिवस माझ्या मागे फिरे आणि ती कल्पना मी कुठून उचलली ते हुडकून काढे. एकदा का मूळ सापडलं की चित्राच्या मागे त्याची चिठ्ठी चिकटली. हा निळा रंग अमक्यांच्या खिडकीच्या पडद्याचा, ही मांडणी तमक्या दुकानातल्या बरण्यांची. आमच्या चित्रांची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा जास्त वाचनीय असते, असं वर्गातली मुलं म्हणत. बरं, चिठ्ठी लावून हा थांबेल तर शपथ. ज्याचं त्याला नेऊन दाखवल्याशिवाय याला अन्न गोड लागत नसे.

बेहालाच्या बाजारात एक मासळीवाली होती. पारशे नावाचे बोटभर मासे ती पाटीत गोल रचायची, डोकी बाहेर, शेपट्या आत. साबणाच्या वेष्टनासाठी मी तशीच पानांची एक वेल काढली होती, असं याचं म्हणणं. मी शाकाहारी ब्राह्मणाचा मुलगा, त्या पाटीकडे पाहायचीही मला सवय नव्हती. पण हा मला हाताला धरून भर सकाळी बाजारात घेऊन गेला, तिच्या पाटीवर आमचं वेष्टन उलगडलं आणि तिला समजावून सांगितलं की ही कला मुळात तुमची. बाईने ते नीट पाहिलं. मग तिने विचारलं की माझे मासे साबणाला चिकटवायचा तुम्हाला काय अधिकार, उद्या गिऱ्हाइकाने मासळीला साबणाचा वास येतो म्हटलं तर काय करू. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. त्यांच्या तावडीतून सुटताना ओल्या हाताचे ठसे पडलेलं ते वेष्टन मला परत मिळालं आणि तेच वर्गात द्यावं लागलं, कारण दुसरं करायला वेळ नव्हता. मास्तरांनी ते नाकाजवळ नेलं, खाली ठेवलं आणि दहातले तीन गुण दिले. जोडीदार मात्र प्रसन्न. तीन तर तीन, आपले आहेत, असं त्याचं म्हणणं.

केशतेलाच्या जाहिरातीत आम्ही एका गृहस्थांच्या मिशा वापरल्या होत्या, तर ते गृहस्थ ट्राममध्ये दिसताच हा उतारूंच्या गर्दीतून त्यांच्याकडे निघाला. ते घाबरून पुढच्या थांब्यावर उतरले, हाही उतरला, याच्यामागे मीही, त्यांनी खिसा दाबून धरत "चोर" म्हणून हाक दिली, आणि लोकांनी कॉलर धरली ती माझी, कारण हा छत्री आणि धोतरामुळे सभ्य दिसत होता. दुसऱ्या खेपेला तर त्याने कमालच केली. आमचे अक्षरांचे मास्तर एका पायाने जरा फेंगडे होते. इंग्रजी आर या अक्षराचा पाय याला इतका डौलदार कसा जमला, असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर कौतुकाने विचारलं आणि याने उभं राहून, हात जोडून, तो कुणाचा पाय आहे ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघंही तासभर बाहेर उभे होतो. काम जोडीचं, तशी शिक्षाही जोडीची. मी रागाने पाय आपटत होतो आणि हा मला सांगत होता की समोरच्या कडुनिंबाची सावली बघ, कधीतरी उपयोगी पडेल.

रविवारी तो आमच्या घरी येऊ लागला. माझी समजूत होती की तो थालीपिठासाठी येतो. आईला तो माशिमा, म्हणजे मावशी, म्हणे, आणि परमुलखात एकटी पडलेली आई त्या एका हाकेने विरघळून जाई. तिचं बंगाली कच्चं, त्याचं मराठी तर नव्हतंच, पण दोघं तास न् तास बोलत. आई मला कधी विचारत नसे असे प्रश्न त्याला विचारी, आणि तो मला कधी दाखवत नसे असा आदर तिला दाखवी. सकाळी लवकर आला की पायरीवर बसून ती दारापुढे रांगोळी घालते ते बघत राही. आमच्या गल्लीतल्या बायका सणावारी तांदळाच्या पिठाची आलपना काढत, ती हात जाईल तशी वळणारी. आईची आधी ठिपके आणि मग त्यांच्या मधून जाणारी रेघ. ही रेघ पुन्हा निघाली तिथे कशी पोचते, याचं त्याला नवल वाटे. माझ्या हक्काचं थालीपीठ त्याच्या ताटात गेलेलं मी पाहत असे आणि मनातल्या मनात चरफडत असे.

शेवटच्या वर्षी वडिलांना डेहराडूनच्या बदलीची कुणकुण लागली. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की परीक्षा होईपर्यंत कलकत्त्यात पोटापाण्याची जागा मिळाली तर राहा, नाहीतर आमच्याबरोबर चल, कचेरीत नकाशे गिरवणाऱ्यांची भरती आहे. जन्मभर गिरवणं मला नको होतं. सुटकेची वाट एकच होती. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाला एका मोठ्या जाहिरात कंपनीचे मॅनेजर येत आणि एका विद्यार्थ्याला आपल्याकडे घेत. ती जागा जोडीदारालाही हवी होती. काकांच्या घरी जेवायला बसताना आपण मान खाली घालतो, असं त्याने मला एकदाच सांगितलं होतं. दोघांपैकी कुणालाही मिळाली तरी चालेल, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. मी ते खोटं म्हणत होतो.

विषय होता चहा. पंधरा दिवस डोकं खाजवल्यावर एका सकाळी ट्राममध्ये मला कल्पना सुचली, आणि ती आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. वरून पाहिलेले मातीचे कुल्हड, ओळीने मांडलेले, नुसते गोल गोल. आणि वाफेची एकच पांढरी रेघ प्रत्येक कुल्हडाला वळसा घालत, कुठेही न तुटता, सगळ्यांना एकत्र बांधणारी. खाली जोडीदाराने तीन शब्द काढले, आणि असे काढले की त्यांच्याकडे पाहूनच घसा कोरडा पडावा. गंमत म्हणजे या वेळी त्याने मला तो प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, अखेर हरला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं स्वतःचं काहीतरी सुचलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात शिरलो तर आमच्या पोस्टरसमोर आई उभी. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कधी नव्हे ती माझ्या शाळेत आलेली. तिला याने बोलावलं होतं, स्वतः ट्रामने घेऊन आला होता. मी काही विचारणार तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. ते आमच्या चित्रापुढे इतका वेळ थांबले की बाकीची मुलं कुजबुजू लागली. कल्पना कुणाची, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी साहेब खाली वाकले. चित्राच्या मागे नाही, या खेपेला चित्राच्या खाली, पुढच्या बाजूला, चिठ्ठी होती. कुल्हड शाळेच्या फाटकापाशी चहा विकणाऱ्या म्हाताऱ्याचे. ठिपके आणि रेघ बेहालाच्या सुशीलाबाईंच्या दारातली. इंग्रजीत लिहिलं होतं, पण आईचं नाव तेवढं देवनागरीत होतं. त्याला देवनागरी येत नव्हती. कुठल्यातरी पुस्तकावरून एकेक अक्षर शिकून त्याने ते काढलं होतं.

मी चित्राकडे पाहिलं. आईची रांगोळीच होती ती. जन्मल्यापासून रोज सकाळी मी जी ओलांडून जात होतो तीच. साहेब सरळ उभे राहिले, हसले आणि म्हणाले, "आम्हाला कल्पना सुचणारी माणसं हवी आहेत, आईच्या दारात सापडणारी नकोत." मग ते पुढे गेले आणि चहाचा कप घेऊन लाजणाऱ्या एका तरुणीच्या चित्रासमोर थांबले. ती जागा ते चित्र काढणाऱ्या मुलाला मिळाली. आईला इंग्रजी कळत नव्हतं. साहेब हसले म्हणून तीही हसली आणि पुन्हा आपल्या नावाकडे बघू लागली. आमच्या घराच्या दारावर वडिलांचं नाव होतं, पत्रांवर वडिलांचं, रेशनकार्डावर वडिलांचं. स्वतःचं नाव असं भिंतीवर तिने कधी पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. फार उशिरा सुचलं.

मी जोडीदाराला ओढतच बाहेरच्या व्हरांड्यात नेलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तू माझा घात केलास, स्वतःचाही केलास, वेडा आहेस, दळभद्री आहेस. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "आपण दोघांनी मिळून तिचं घेतलं. एकाने तरी सांगायला नको का?" मी म्हटलं की पुन्हा आमच्या घराची पायरी चढू नकोस. आणि आईला तिथेच सोडून मी तरातरा मैदानाकडे निघून गेलो. तिला घरी त्यानेच पोचवलं.

दोन महिन्यांनी आम्ही डेहराडूनला गेलो. मी सात वर्षं नकाशे गिरवले, मग पुण्याला येऊन पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागलो. तो कालीघाटला दुकानांच्या पाट्या रंगवतो असं कुणाकडून तरी कळलं होतं. मी त्याला पत्र लिहिलं नाही. आधी रागाने आणि मग लाजेने. नंतर नंतर कुणी चित्राचं कौतुक केलं की तो प्रश्न माझ्या कानात वाजे आणि मी चिडून मनातल्या मनात खरं उत्तर देऊन टाकी. माझ्याबरोबर पुढे पुष्कळ लोकांनी काम केलं, सगळे शहाणे होते, कुणाचाही मला इतका राग आला नाही, आणि कुणाची इतकी आठवणही येत नाही.

परवा आई मटार सोलत बसली होती. आता तिला कमी दिसतं, ठिपके चुकतात म्हणून रांगोळी सुटली आहे. बोलता बोलता त्या प्रदर्शनाचा विषय निघाला, आणि ती म्हणाली की त्या दिवशी परतताना ट्राममध्ये तिने त्याला विचारलं होतं, माझं नाव घातल्यामुळे माझ्या मुलाचं काही बिघडलं का रे बाबा. मी हातातलं काम थांबवलं. मिशांपासून मास्तरांच्या पायापर्यंत ज्याने कुणाचं म्हणून काही झाकून ठेवलं नाही, तो काय म्हणाला असेल याची मला खात्रीच होती.

"नाही म्हणाला," आई म्हणाली. "म्हणाला, माशिमा, तुमची रांगोळी साहेबांना फार आवडली. माझंच अक्षर वाईट आलं, म्हणून जागा गेली. बिचारा रडकुंडीला आला होता. मीच त्याची समजूत घातली."

वीस वर्षं आई त्याला मनातल्या मनात क्षमा करत आली होती, तीही त्याच्या अक्षराबद्दल. त्या अक्षराबद्दल. मला असा संताप आला की उठून कलकत्त्याची गाडी पकडावी आणि त्याला गदागदा हलवून विचारावं, हे खोटं तू कुठे पाहिलंस म्हणून.

आईने शेंगांवरून नजर वर केली. "खरंच वाईट होतं का रे त्याचं अक्षर?" तिने विचारलं. "मला तर माझं नाव फार सुरेख वाटलं होतं."

खरं सांगायला माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी तिच्या पुढ्यातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलू लागलो.

"तुझं नाव चांगलं आलं होतं," मी म्हटलं. "बाकीचं जरा वाईटच होतं."