हसमुखभाईंच्या छातीवरून निघालेली पट्टी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय. एम.डी. मेडिसिन झालेला माणूस मी. कुणी ‘अनुभव आला’ म्हणालं की पहिल्यांदा बी.पी. बघायचो. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलोय याचं मला नवल वाटतंय. आणि हे भीतीपोटी लिहीत नाहीये... लाज वाटते म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी नाशिकचा, पण नोकरीला सुरतेत, उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. पेशंट बहुतेक खानदेशातून आलेले, लूमवर नाहीतर कापड रंगवायच्या डाइंगमध्ये काम करणारे. सोबतच्या कमल सिस्टर चाळीसगावकडच्या, म्हणून भाषेची अडचण नसायची.

एका सकाळी साडेदहाच्या सुमारास रामदास नावाचा माणूस आला (नाव बदललंय). चाळिशीचा, पलसाण्याच्या डाइंग युनिटमध्ये कामाला. सोबत त्याची बायको सुमनबाई. वरच्या पोटात जळजळ, एक उलटी, घाम. कमल सिस्टरांनी न विचारता ई.सी.जी. काढून ठेवला होता. आमचं मशीन जुनं — एक-एक लीड, म्हणजे हृदयाची एक-एक बाजू, काढत जायचं, आणि शेवटी हातभर लांब पट्टी घड्या घालून केसपेपरला लावायची.

त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. ड्यूटी रूममध्ये टीव्ही चालू होता. मी पट्टीची पहिली घडी बघितली, शेवटची बघितली. मधली उलगडलीच नाही.

“गॅस आहे,” मी म्हणालो.

“सर, घाम फार आहे त्यांना,” कमल सिस्टर हळूच म्हणाल्या. “पट्टी एकदा पूर्ण...”

“सिस्टर, डॉक्टर तुम्ही आहात की मी?”

हे मी पेशंटसमोर म्हणालो. रामदासला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि मी मॅच बघायला गेलो.

संध्याकाळी पाचला कारखान्यातल्या लोकांनी त्याला टेम्पोतून आणलं. खिशात आमचा कागद सापडला म्हणून आमच्याकडेच आणलं. वाटेतच संपला होता. मी केसपेपर मागवला आणि पट्टी पहिल्यांदा पूर्ण उलगडली. मधल्या घडीत लीड टू, थ्री, एव्हीएफ... रेघ जिथे खाली यायला हवी तिथे टेकडीसारखी उचललेली. हृदयाच्या खालच्या भागाचा हार्ट अ‍ॅटॅक. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसला असता. लीड थ्रीमध्ये दोन ठोके जवळजवळ, मग लांब खंड, आणि पुढे रेघ वेडीवाकडी हललेली — पट्टी काढताना तो खोकला होता, सिस्टरांनी तिथे पेनने तसं लिहिलं होतं.

तेवढ्यात सुमनबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, “पट्टी चांगली व्हती ना, साहेब?”

मी म्हणालो, “हो. चांगली होती. अचानक झालं.”

आणि पट्टी काढून खिशात घातली. घरी एका जाडजूड पुस्तकात ठेवली. फाडायचा धीर झाला नाही, आणि कुणाला दाखवायचाही नाही.

दोन महिन्यांनी मॅनेजमेंटने ठरवलं, कॅज्युअल्टीतल्या सगळ्या सिस्टरांना ई.सी.जी. वाचायला शिकवायचं, म्हणजे डॉक्टर येईपर्यंत वेळ जाणार नाही. शिकवायला कोण? मी. नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो?

पाच दिवस वर्ग घेतला. दुपारी दोन ते तीन, लेक्चर हॉलमध्ये, सहा सिस्टर. त्यांत कमल सिस्टरही होत्या. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. एक्स-रेचे टेक्निशियन हसमुखभाई हौसेने टेबलावर आडवे झाले. सव्वीस वर्षांचा, रोज पोहायला जाणारा माणूस. कमल सिस्टरांनी तारा लावल्या, मी मशीनजवळ उभा राहिलो. ज्यांनी असं जुनं मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो — त्यात साठवण्याची काही सोय नसते. समोर जे हृदय धडधडतंय तेच गरम सुई कागदावर काढते. बस.

लीड वन नॉर्मल आली. लीड टूला मी बोलत होतो तो थांबलो. रेघ टेकडीसारखी वर. लीड थ्री... दोन ठोके जवळजवळ, लांब खंड, मग वेडीवाकडी रेघ. हसमुखभाई खोकले नव्हते. निपचित पडून छताकडे बघत होते.

पट्टी सिस्टरांच्या हातात गेली. कमल सिस्टरांनी मी शिकवलं होतं तसं, बोट ठेवत वाचलं. “टू, थ्री, एव्हीएफ वर आहेत. हार्ट अ‍ॅटॅक, खालच्या भागाचा.” मग माझ्याकडे बघून, “अशा पेशंटला घरी पाठवायचं नाही ना, सर?”

हसमुखभाई उठून बसले, आपल्याला तर काहीच होत नाही म्हणाले. “साहेब, मने तो कंई थतुं नथी.”

मी म्हणालो, “मशीन बिघडलंय. अर्थिंग नीट नाही.” पुन्हा काढली. पूर्ण नॉर्मल. तिसऱ्यांदाही नॉर्मल. सगळ्या हसल्या, वर्ग संपला.

कमल सिस्टर मागे राहिल्या. “सर, ही पट्टी मी आधी काढलेली आहे,” त्या म्हणाल्या. “त्या पलसाण्याच्या माणसाची. केसपेपरला लावताना ही रेघ मला वेगळीच दिसली होती. तुम्ही ओरडलात म्हणून मी पुढे बोलले नाही. दोन महिने मला जेवण जात नाही नीट.”

त्या रडत नव्हत्या. मी माझी लाज लपवली होती आणि तिचं ओझं ही बाई वाहत होती.

वर्गातली पट्टी घेऊन घरी गेलो आणि पुस्तकातली पट्टी काढली. ती होती तिथेच होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कमल सिस्टरांनाही दाखवल्या. ठोका न् ठोका सारखा. खोकल्याची जागासुद्धा.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं लिंबायतला सुमनबाईंच्या खोलीवर गेलो. मी उभ्यानेच सांगितलं — पट्टी चांगली नव्हती, मी ती नीट बघितली नाही, आणि नंतर तुमच्याशी खोटं बोललो. त्या शिव्या देतील, अंगावर धावून येतील, अशी तयारी करून गेलो होतो. त्या खालीच बघत होत्या.

मग म्हणाल्या, “तुम्हीन गॅस शे सांगं, म्हणीसन मीच त्यासले पाळीवर धाडं. त्या सांगेत, मन्हा जीव घाबरस... मी सांगं, नाटक नका करू.”

मला वाटलं होतं, मी त्यांचा नवरा घालवला. पण माझ्या शब्दावर त्यांनीच त्याला कामाला धाडलं आणि तो दोष त्या स्वतःवर घेऊन बसल्या होत्या, हे मला त्या खोलीत कळलं. “तुमची चूक नाही, बाई,” एवढंच मला म्हणता आलं. कमल सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि दोघी अहिराणीत काहीतरी बोलत राहिल्या. मी दाराशी उभा होतो.

सुपरिंटेंडेंटनाही सांगितलं. ते म्हणाले, “लेखी काही देऊ नका.” मी दिलं नाही. तेही इथे कबूल करतो.

पुढे मी सुरत सोडली. त्या कागदावरची रेघ काही वर्षांनी उडते, तशा दोन्ही पट्ट्या आता कोऱ्या झाल्यात, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही. एक मित्र म्हणतो मशीनचा दोष, दुसरा म्हणतो तुझ्या मनाचे खेळ. पण कमल सिस्टरांनीही त्या दोन्ही पाहिल्या होत्या, आणि मशीनच्या दोषाला दुसऱ्याचा खोकला कसा माहीत असेल?

हसमुखभाईंच्या छातीतून ती रेघ कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही. मी ती पट्टी खिशात का घातली, ते मात्र मला त्याच क्षणी माहीत होतं.