कमी तिखट खाणाऱ्यांवरचा पेपर

पोटाच्या आजारांवर मी बरेच पेपर लिहिले. त्यातले बहुतेक मी आणि माझ्या सहलेखकांनीच वाचले. तेही आपलं नाव कितवं आलंय ते बघण्यापुरते. एक मात्र गाजला. जगभरचे संशोधक आपल्या पेपरात त्याचा हवाला द्यायचे, आणि इंटरनेटवर माझ्या नावापुढचा आकडा वाढायचा. रोज चहाआधी मी तो आकडा बघायचो. मूळचा जळगावचा, सकाळी सोन्याचा भाव बघायची सवय अशी वळण घेऊन बसली.

पेपर असा होता. धुळ्याच्या आमच्या ओपीडीत जळजळ घेऊन येणाऱ्यांना मी एक फॉर्म दिला. तिखट किती खाता? कमी, मध्यम की जास्त? जवळजवळ सगळ्यांनी ‘कमी’वर खूण केली. म्हणजे तिखट न खाताही यांना जळजळतं, म्हणजे मिरची निर्दोष. मी मोठ्या झोकात छापून आणलं. स्थानिक वर्तमानपत्रातही बातमी आली, फोटोसकट.

पुढे एका जुन्या पेशंटने, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावी जेवायला बोलावलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी ॲसिडिटीमुळे वर्षभर पथ्यावर होतो. पहिल्या घासाला कानात शिट्टी वाजली, दुसऱ्याला उचकी लागली.

“आबा, फॉर्मवर तुम्ही ‘कमी’ लिहिलं होतं!”

“मंग? हाई काय तिखट शे? हाई ते सादंच शे. तिखट ते मन्हा साडूना घर ऱ्हास.”

चुलीपासून आबांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, “साडूले इचारा. तो म्हनी, तिखट ते आबाना घर ऱ्हास.”

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच थांबलो. खानदेशात तिखट खाणारा माणूस कायम दुसऱ्याच्या घरात राहतो, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवं होतं. फॉर्म तपासायला पहिला मीच भरला होता. खूण? ‘कमी’वर. तेव्हा पथ्य नव्हतं आणि आमच्या घरी शेवभाजीच्या लाल तर्रीत चमचा दिसत नसे.

पेपर चुकला होता, आणि नेमकी तेव्हाच माझी प्रोफेसरपदाची फाईल निघाली होती. मी विभागप्रमुखांकडे गेलो.

“पेपर मागे घ्यावा म्हणतो, सर.”

“घ्या की. फक्त तुमची फाईल त्याच्याच पाठीवर उभी आहे, तेवढं बघा. बाकीचे पेपर कुणी वाचलेत का?”

“माझ्या बायकोने एक वाचलाय.”

“पूर्ण?”

मी उठून ओपीडीत गेलो. पेपर मागे घ्यायचं कित्येक महिने राहूनच गेलं. आकडा वाढत राहिला आणि मला तो वाढताना बघवेना. बंद करायचो, पुन्हा उघडायचो. पेशंटला “मिरची कमी करा” म्हणायचीही चोरी. माझंच संशोधन आडवं यायचं.

मग एक दिवस आबा आले, आधीपेक्षा वाळलेले. जळजळीने अन्न जात नव्हतं. दुर्बिणीने तपासलं तर अन्ननलिकेला आतून व्रण पडलेले.

“आबा, ठेचा बंद करा.”

आबांनी बंडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कात्रण काढलं. मिरची निर्दोष. खाली हसणारा मी.

“अक्का रोज बोंबलस, मी तिले हाई दाखाडस. तुम्हनाच फोटू शे ना?”

फोटो माझाच होता. केस तेव्हा जास्त होते, एवढाच फरक.

त्याच दुपारी मी जर्नलला पत्र पाठवलं: प्रश्न चुकीचा विचारला, निष्कर्ष चुकीचा निघाला. पेपरवर ‘मागे घेतला’ असा लाल शिक्का बसला. प्रोफेसरपदाची फाईल परत आली. गंमत म्हणजे आकडा अजून वाढतोय; हवाला देणारे शिक्काही वाचत नाहीत. आता मी पेशंटला विचारतच नाही. बरोबर आलेल्या त्याच्या बायकोलाच विचारतो, आठवड्याला मिरच्या किती लागतात?

आबांना मी त्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. कात्रण मागून घेतलं आणि फाडलं. त्यांनी तुकड्यांकडे हळहळून पाहिलं.

“मंग आते काय खाऊ, डॉक्टर?”

मला सवयच फार वाईट. तोंडातून निघून गेलं, “कमी तिखट खा.”

आबांचा चेहरा खुलला. “आते बी कमीच शे ना!”