चिमणीकडे पाहून वाळत घातलेले कपडे

सोमवारी सकाळी औष्णिक वीज केंद्राचा शेवटचा संच कायमचा बंद करण्यात आला. दुपारपर्यंत चिमणीतला धूरही थांबला.

गुरुवारी मी कामगार वसाहतीत होतो. सुमनबाई धुण्याची बादली घेऊन अंगणात आल्या आणि दोरीकडे वळण्याआधी त्यांनी मान वर करून चिमणीकडे पाहिलं. धूर वसाहतीकडे वळला की राख पडायची आणि कपडे घरात वाळवावे लागायचे. वसाहतीतल्या सगळ्याच बायका असं आधी वर पाहतात.

"आता वर काय पाहता काकू?" शेजारची हसली. "राख गेली. घाला बिनधास्त पांढरं."

"राख गेली अन् यांचा पगारबी गेला," सुमनबाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान बावीस वर्षं कोळसा विभागात कंत्राटावर होते. प्रदूषणमुक्त विजेचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे जुने संच आधी बंद करणं, असं वीज कंपनीचा आराखडा सांगतो. हिशेब बरोबर आहे. कोळसा, वाहतूक, दुरुस्ती, सगळं त्यात धरलं आहे. कायम कर्मचाऱ्यांच्या बदल्यांची यादीही जोडली आहे. कंत्राटी कामगारांची यादी नाही. खर्च कमी दिसतो, तो काही माणसं मोजलीच नाहीत यामुळेही असू शकतो.

आकाश निळं होतं. सुमनबाईंनी दोरीवर एकच जोड टाकला, यजमानांचा खाकी गणवेश. कंत्राटदाराला तो धुऊन परत द्यायचा होता.

शनिवारी गणवेश आणि गेटपास कंत्राटदाराकडे जमा झाले.